बॉब तुझा मामा

एकतीस वर्षं मी मुलांना इंग्रजी वाक्प्रचार शिकवले. नाशिक रोडची मराठी माध्यमाची शाळा, आठवी ते दहावी. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, कोणतेही पाच' हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलं असेल, की निवृत्त झाल्यावर वाण्याची यादी करतानाही खाली 'कोणतेही पाच' लिहायला हात शिवशिवायचा. दर वर्षी जूनमध्ये बाहेर पागोळ्या गळत असायच्या आणि मी वर्गाला गंभीर चेहऱ्याने सांगत असायची, की इंग्लंडात असा धो धो पाऊस लागला की लोक म्हणतात, 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.' मुलं खिडकीबाहेर बघायची. बाहेर एखादं कुत्रं असायचंच, पण ते आडोसा शोधत असायचं.

मग लेकीकडे लीड्सला जाऊन सहा महिने राहून आले. सहा महिन्यांत पाऊस जवळजवळ रोज पाहिला. कुत्रं-मांजर एकदाही कुणाच्या तोंडून पडलं नाही. भुरभुर असली की तिथले लोक म्हणतात 'स्पिटिंग', म्हणजे आभाळ थुंकतंय. जोर धरला की 'चकिंग इट डाउन', म्हणजे वरून कुणीतरी भिरकावतंय. काय भिरकावतंय ते सांगत नाहीत. पुढे वाचनात आलं, की जोनाथन स्विफ्टने 1738 साली छापलेल्या एका पुस्तकात ही कुत्री-मांजरं आहेत, आणि ते पुस्तक लिहिलं होतं ते उच्चभ्रू मंडळींच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवायला. म्हणजे 1738 सालीच जे शिळं झालं होतं, ते मी तीन दशकं मुलांच्या पानात ताजं म्हणून वाढत होते. कुत्री-मांजरंच का, हे मात्र विद्वानांनाही नक्की सांगता आलेलं नाही. इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही म्हणा. आपण आभाळातून मुसळं पाडतो.

त्या वर्गातली काही वाक्यं अजून आठवतात. 'ब्रेड अँड बटर' म्हणजे उपजीविका. एका पोराने लिहिलं होतं, "माझ्या वडिलांची ब्रेड अँड बटर भाकरी आहे." मी शून्य दिलं. एका मुलीने 'बर्न द मिडनाइट ऑइल'वर लिहिलं, "लोडशेडिंग असते तेव्हा आई मिडनाइट ऑइल बर्न करते." तिला अर्धा गुण. आज वाटतं, हा वाक्प्रचार ज्याने पहिल्यांदा वापरला असेल तोही असाच चिमणीच्या उजेडात डोळे चोळत बसलेला असणार, आणि ही पोर त्याच्या सगळ्यांत जवळ गेली होती. पण समोर पेपरांचा गठ्ठा असला की हातातली लाल शाई मार्गदर्शिकेच्या पलीकडे पाहत नाही. आणखी एकाने 'मंगूस'चं अनेकवचन 'मंगीस' केलं होतं. 'गूस'चं 'गीस' होतं, मग का नाही? त्यालाही फुली. हा शब्द इंग्रजीत आपल्या मुंगसावरूनच गेलाय, हे मला फार उशिरा कळलं. त्याने सरळ 'मुंगसं' लिहिलं असतं, तर मी काय करायला हवं होतं?

असो. इतकी तयारी घेऊन मी लीड्सला उतरले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तोंडघशी पडले.

लेकीच्या शेजारी एक्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहतात, एकट्याच. त्यांना नावाने हाक मार असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, पण आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. त्यामुळे सहा महिने मी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारली नाही, समोर जाऊन उभी राहायची. तर त्या दिवशी बाई कचऱ्याचा चाकांचा डबा रस्त्यावर ओढत होत्या. मी दारात. त्यांनी विचारलं, "यू ऑल राइट?"

माझा चेहरा उतरलेला दिसला असेल, म्हणून विचारतायत असं मला वाटलं. परक्या देशात इतक्या आपुलकीने कोण विचारतं? मी सांगायला सुरुवात केली. विमानात पाय सुजले ते. गुडघ्याचं दुखणं, डावा जास्त. साखर काठावर आहे, गोळी सुरू नाही. रात्री दोनला जाग येते ती येते. मधे मी 'ऑन द मेंड' हा वाक्प्रचारही बसवला, मनात म्हटलं, बाई चकित होतील. बाई डब्याची मूठ धरून उभ्या. आभाळ थुंकायला लागलं होतं. त्या मान हलवत होत्या, "ओ डिअर" म्हणत होत्या, आणि एक पाय त्यांच्या फाटकाकडे वळलेला होता.

संध्याकाळी लेकीला कौतुकाने सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "आई, 'यू ऑल राइट' म्हणजे नमस्कार. त्याचं उत्तरही 'यू ऑल राइट' एवढंच."

"मग विचारतात कशाला?"

"तू नाही का भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला विचारत, 'काय, बाजारात का?' म्हणून?"

खरंच की. दिसतंय बाजारात निघालीय, हातात पिशवी आहे, तरी आपण विचारतो. 'काय म्हणता' असं विचारतो तेव्हा समोरच्याने खरंच काही म्हणायला सुरुवात केली तर आपली बस चुकते. हे मला मराठीत कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या रात्री मी नवी वही काढली. शाळेतल्या सवयीने 'वाक्प्रचार' आणि 'अर्थ' असे दोन रकाने पाडले होते. दुसरा खोडून तिथे लिहिलं, 'कोण, कुणाला, केव्हा'.

पहिली नोंद ह्यांच्या नावावर आहे. आमचे हे एसटीत होते, शेवटची बारा वर्षं वाहतूक नियंत्रक. मिशा आहेत, आणि आवाज स्टँडवर भोंग्याशिवाय पुरेल एवढा. लीड्सच्या बाजारात एका भाजीवाल्याकडे त्यांनी कांदे घेतले. भाजीवाला साठीचा, हातभर दंडांचा. सुटे पैसे हातावर ठेवत तो ह्यांना म्हणाला, "देअर यू आर, लव्ह."

हे जागच्या जागी थिजले. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द आमच्या घरात इंग्रजीत, मराठीत, कुठल्याच भाषेत उच्चारला गेलेला नाही. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. जावयाने समजावलं, की यॉर्कशरमध्ये हे 'भाऊ'सारखं आहे, बाई असो बाप्या असो, दुकानदार सगळ्यांना लव्ह म्हणतो. ह्यांनी ऐकून घेतलं, वर्तमानपत्र उघडलं. मात्र त्यानंतर कांदे आणायला दुसऱ्या दुकानात गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. जवळच्या सुपरमार्केटात स्वस्त होते तरी.

बसमधून उतरताना प्रवासी ड्रायव्हरला 'चीअर्स' म्हणतात, सकाळी नऊ वाजता, शुद्धीत. ही दुसरी नोंद. ह्यांचं म्हणणं, आपल्याकडे उतरताना ड्रायव्हरला जे म्हणतात ते वहीत न लिहिलेलं बरं.

तिसरी नोंद सफरचंदाची. शेजारच्या बाईंच्या परसात एक झाड आहे, सप्टेंबरात त्याला आंबट सफरचंदं लागतात. त्यांनी मला क्रम्बल करायला शिकवलं. फोडी तळाला पसरायच्या, वर लोणी, मैदा आणि साखर बोटांच्या टोकांनी चोळून केलेला चुरा घालायचा. चोळणं फार झालं तर गोळा होतो, कमी झालं तर पीठच राहतं. आपलं मोहन मुटका वळेपर्यंत चोळतात त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. मग ओव्हनमध्ये चाळीस मिनिटं. "अँड बॉब्ज यॉर अंकल," बाई म्हणाल्या आणि हात झटकले.

मी कृती लिहून घेत होते. माझ्या वहीत अजून आहे: '40 मिनिटं. मग बॉब, तुझे काका.' मला वाटलं, बाईंचा कुणी भाऊ येणार आहे खायला. मी एक बशी जास्त मांडली.

'बॉब तुझा काका' म्हणजे 'झालं, संपलं, इतकं सोपं'. कसं काय, तर तिकडे एक गोष्ट सांगतात. 1887 साली पंतप्रधान होते लॉर्ड सॅल्सबरी, त्यांचं नाव रॉबर्ट, म्हणजे लाडाने बॉब. त्यांनी आपल्या भाच्याला, आर्थर बाल्फोरला, आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या मोठ्या पदावर बसवलं. लोक म्हणाले, बॉब अंकल असल्यावर काय कठीण आहे! 1902 मध्ये मामांनी पंतप्रधानपद सोडलं, तेव्हा त्या खुर्चीवरही भाचेच बसले. भाषेचे जाणकार या गोष्टीवर सही करायला कचरतात, कारण हा वाक्प्रचार छापून यायला लागला तो बऱ्याच दशकांनंतर. मला विचाराल तर गोष्ट खरी असो की रचलेली, ज्याने ती पहिल्यांदा सांगितली त्याला सरकारी नोकरीचा अनुभव होता.

पण माझं डोकं अडलं ते 'अंकल'वर. कोण अंकल? काका, मामा, मावसोबा की आत्याचे यजमान? आपल्याकडे हे कळल्याशिवाय वशिल्याचा पुढचा विचारच करता येत नाही. शोधून काढलं. बाल्फोरची आई ही सॅल्सबरींची सख्खी बहीण. म्हणजे मामा! इंग्रजीत ज्याला नुसतं अंकल म्हणून सोडून दिलंय, तो मराठीत पहिल्या फटक्यात मामा निघाला. वहीत दुरुस्ती केली: 'बॉब तुझा मामा.' शेजारच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना प्रश्न पडला, की आईचा भाऊ आणि वडिलांचा भाऊ यांना वेगळे शब्द कशाला लागतात? मी म्हटलं, बाई, लग्नात भाच्याच्या मागे कुणाला उभं करायचं हे मग कळणार कसं?

बाईंच्या बोलण्यात जुने वाक्प्रचार पुष्कळ. तरुण मुलं आता तसं बोलत नाहीत, असं लेक म्हणते. एकदा त्यांच्याबरोबर कर्कगेट मार्केटमध्ये गेले होते. हा लीड्सचा जुना छपरी बाजार. इथेच 1884 साली मायकेल मार्क्स नावाच्या माणसाने 'कुठलीही वस्तू एक पेनी'चा ठेला मांडला होता, त्याचंच पुढे मार्क्स अँड स्पेन्सर झालं. बाई मला हे सगळं दाखवत होत्या आणि मधेच थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "आय नीड टू स्पेंड अ पेनी."

मी पर्स उघडली. जिथे पेनीचा ठेला होता तिथे पेनी खर्चायची इच्छा होणं किती स्वाभाविक! मी नाणी पुढे केली आणि म्हणाले, "आय हॅव, आय हॅव." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नाण्यांकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून इतक्या हसल्या, की पेनी तिथेच खर्च होते की काय अशी त्यांनाच धास्ती वाटली. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांसाठी स्वच्छतागृहं केली होती, तिथे आत जायला एक पेनी पडायची. पुढे सार्वजनिक ठिकाणी दाराच्या कुलपातच पेनी टाकावी लागे. त्यावरून सभ्य बायका 'पेनी खर्चायला' जातात. मी त्यांना 'परसाकडे' सांगितलं. त्यांना फार आवडलं. त्यांच्या परसात सफरचंदाचं झाड असल्यामुळे जरा विचारातही पडल्या.

उलटा प्रकारही झालाच. एका दुपारी त्यांच्याकडे चहा पिऊन निघताना, ओठांवर आलेलं 'बरं, येते' मी बोलता बोलता इंग्रजीत टाकलं: "ओके, आय कम." बाई म्हणाल्या, "कम व्हेअर?" मी म्हटलं, "होम." त्यांना वाटलं मी घरी जाऊन लगेच परत येणार. संध्याकाळी लेक कामावरून येताना तिला दिसलं, बाई खिडकीशी बसल्यात आणि टेबलावर दुसऱ्यांदा कप मांडलेत. मग मी धावत गेले. आपल्यात 'जाते' म्हणायचं नसतं, निघतानाही 'येते'च म्हणायचं, हे समजावून सांगायला दुसरा चहा लागला. निघताना बाईंनी मला दारात थांबवलं आणि म्हणाल्या, "नाउ से इट." मी म्हटलं, "येते." त्यांनी ते दोनदा घोळवून पाहिलं.

नातीचंही तेच. नऊ वर्षांची आहे. मी तिला "डोकं खाऊ नकोस गं" म्हटलं, ते तिने शाळेत जसंच्या तसं सांगितलं, की माय ग्रँडमदर सेज आय ईट हर हेड. तिच्या बाईंनी चित्र काढायला सांगितलं. ते चित्र लेकीच्या फ्रिजवर लावलेलं आहे. माझा आंबाडा शाबूत आहे, एवढंच समाधान.

ऑक्टोबर संपत आला, तसा पाऊस दहा-दहा दिवस उघडेना. एका सकाळी बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "वन मोर वीक ऑफ धिस अँड आय शॅल गो दुलाली."

मला ऐकू आलं, "देवळाली."

मी म्हटलं, "कुठे जाणार?"

"दुलाली," त्या म्हणाल्या आणि कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं. डोकं फिरणं. हे बोट मात्र दोन्ही देशांत एकाच दिशेने फिरतं.

मी चपला न काढता घरात गेले आणि लेकीच्या संगणकावर शोधलं. होय. आमचीच. नाशिक रोडहून मुंबईकडे निघालं की पहिलं स्टेशन. एकोणिसाव्या शतकात देवळालीला लष्कराचा तळ होता, अजूनही आहे. हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी तिथे आणून ठेवत. जहाजं निघायची ती थंडीच्या हंगामात. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली, तो अडकला पुढच्या हंगामापर्यंत. काम नाही, कवायत नावाला, वर ऊन, मग डास, मग दारू. कुणी हिवतापाने फणफणायचे, कुणी नुसते वाट बघून चक्रम व्हायचे. शिपाई म्हणायचे, ह्याला 'दुलाली टॅप' झालाय. टॅप म्हणजे नळ नव्हे. टॅप म्हणजे ताप. डोक्याला होतो तो. पुढे शेपूट गळून नुसतं 'दुलाली' राहिलं, आणि आज इंग्लंडात किराणा घेताना कुणीही सहज म्हणतं.

मला सगळ्यांत मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. देवळालीला लोक हवा खायला जातात. मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींची आरोग्यभुवनं आहेत तिथे. आजाऱ्याला डॉक्टर सांगायचे, महिनाभर देवळालीला राहा, डोकं शांत होईल. आणि इंग्रजी भाषेत त्याच गावाच्या नावाने डोकी फिरतात. पण त्यात रागावण्यासारखं काय? आपण 'ह्याला येरवड्याला टाका', 'ठाण्याला भरती करा' म्हणतोच की. तिथल्या रहिवाशांना कधी विचारलंय?

मी बाईंना बोलावून हे सगळं सांगितलं. बीबीसीवर 1974 ते 1981 या काळात 'इट एन्ट हाफ हॉट मम' म्हणून एक विनोदी मालिका होती, सुरुवातीला ती देवळालीच्याच लष्करी तळावर घडते. बाईंनी ती पाहिलेली, नवऱ्याबरोबर, न चुकता. पण ते गाव आणि आपल्या तोंडचा हा शब्द एकच, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "अँड यू लिव्ह देअर?" त्यांनी डोळे मोठे करून विचारलं. मी म्हटलं, "शेजारी. रिक्षाने जाता येतं."

हे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी बारा वर्षं स्टँडवर उभं राहून 'देवळाली कॅम्प, देवळाली कॅम्प' ओरडून गाड्या सोडलेल्या. वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, "देवळालीच्या गाडीची वाट बघून माणूस वेडा होतो, हे त्यांना आत्ता कळलं? माझ्याकडे तक्रारवही होती."

मी भाषांतर करून सांगितलं. बाई म्हणाल्या, आता त्यांना ते स्टेशन बघायचंय. या वयात येणं जमणार नाही, निदान पाटीचा फोटो तरी पाठवा.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हे लोकलसारख्या एका भरलेल्या पॅसेंजरने देवळालीला गेले, फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीसमोर उभे राहिले, कुणाला तरी सांगून फोटो काढून घेतला. तो त्यांनी स्वतःच बाईंना पाठवला. मला वाटलं होतं मी पाठवणार. तासाभराने आभाराचं उत्तर आलं, "टा, लव्ह."

हा मेसेज त्यांच्या फोनवर अजून आहे. बाकीचे ते रोज रात्री पुसतात.